नाडा घट्ट, ब्लाऊज सैल

बायका दुखणं अंगावर काढतात, हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा म्हटलं जातं की ते खरं आहे का हे तपासावंसंच कुणाला वाटत नाही. डॉक्टर म्हणतात, आमदार म्हणतात, महिला दिनाला शाल-श्रीफळ घ्यायला आलेले पाहुणे तर हमखास म्हणतात. बऱ्याच आजारांत ते खरं असेलही. ओव्हरीच्या, म्हणजे बीजांडकोशाच्या कॅन्सरबाबत मला ते पटत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या पट्ट्यात ज्या ओळखीच्या घरांत हा आजार आलेला मी पाहिला, त्यांतली एकही बाई हात जोडून घरी बसली नव्हती. त्या दवाखान्यात गेल्या होत्या, पुन्हा पुन्हा गेल्या होत्या आणि दर वेळी पित्ताच्या गोळ्या घेऊन परतल्या होत्या. उशीर झाला तो तिथून पुढे.

म्हणून ‘महिलांनो, जागृत व्हा’ असा फलक लावून मांडव घालण्याला माझा विरोध आहे. या एका कॅन्सरपुरती तरी तपासणी शिबिरं बंद करावीत आणि तो पैसा, ती माणसं, तो उत्साह दुसरीकडे लावावा. कुठे, ते पुढे सांगते. आधी आजार काय आहे ते.

भारतात बायकांच्या कॅन्सरमध्ये स्तन आणि गर्भाशयाचं तोंड यांच्यानंतर ओव्हरीचा नंबर लागतो. ग्लोबोकॅन या कॅन्सरच्या जागतिक आकडेवारीच्या २०२० च्या अंदाजानुसार देशात त्या वर्षी सुमारे ४५,७०० बायकांना तो नव्याने झाला आणि सुमारे ३२,००० जणी त्याने गेल्या. स्तनाच्या कॅन्सरच्या तुलनेत रुग्ण जेमतेम पावपट, पण मरणाचं प्रमाण पाहा. पहिल्या टप्प्यात सापडला तर पाच वर्षांनी दहातल्या नऊ जणी हयात असतात. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात हा आकडा तीनच्या आसपास येतो, आणि बहुतेकींचा सापडतो तो तिसऱ्या-चौथ्यातच. स्तनातली गाठ हाताला लागते, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर रक्तस्रावातून बोलतो. ओव्हरी ओटीपोटात खोल असते. तिथल्या पेशी सुटून पोटाच्या अस्तरावर पसरतात, पोटात पाणी धरतं, आणि बाहेर जे दिसतं ते अगदी साधं असतं: पोट फुगणं, ओटीपोटात दुखणं, दोन घासांत पोट भरणं, लघवीला सारखं लागणं. अमेरिकेतल्या बार्बरा गॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये यावर एक साधा निकष मांडला. ही लक्षणं वर्षभराच्या आतली असतील आणि महिन्यातून बारापेक्षा जास्त दिवस होत असतील, तर तपासा. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने २०११ पासून पन्नाशीपुढच्या बाईला असं सतत होत असेल तर आधी सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि ती वाढलेली आली तर सोनोग्राफी, असा नियमच करून टाकला. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोटाची कुरकुर सुरू झाली तर ती नुसती ‘पोटाची कुरकुर’ समजू नका, असंही त्यात आहे.

हुक्केरी तालुक्यातल्या एका बाईंचे कागद मी पाहिले आहेत. साडीच्या दुकानाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले. पित्ताच्या गोळ्या, मग गॅसचं पातळ औषध, मग जंताची गोळी, मग लघवीच्या इन्फेक्शनचा कोर्स, शेवटी ‘पाळी गेल्यावर असं होतंच’ म्हणून कॅल्शियम. पाच चिठ्ठ्या, तीन डॉक्टर. एकाही चिठ्ठीवर पोटाला हात लावल्याची नोंद नव्हती. त्या मला म्हणाल्या, “परकराचा नाडा दर आठवड्याला सैल सोडायचा आणि ब्लाऊजच्या बाह्या मात्र ढगळ व्हायल्यात. ही कसली जाडी म्हणायची?” ब्लाऊज आटवायला गेल्या तेव्हा टेलरिंगवाल्या पोरीने माप घेता घेता विचारलं, “काकू, दंड एवढे उतरलेत आणि पोट का वाढलंय?” पोटात पाणी आणि अंगावरचं मांस कमी, हे लक्षण त्या पोरीने टेपने मोजलं होतं. सोनोग्राफी त्यानंतर झाली.

यात डॉक्टरांना शिव्या घालाव्यात असं मला वाटत नाही. दिवसाला ऐंशी-नव्वद पेशंट बघणाऱ्या माणसासमोर पोट फुगल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायकांना खरंच गॅस असतो. ओव्हरीचा कॅन्सर त्याच्या दारात कित्येक वर्षांतून एखादा येतो. त्याच्या शहाणपणावर सोडलं तर तो गॅसच म्हणणार. म्हणून नियम लागतो. पंचेचाळिशीपुढची बाई, नवी तक्रार, तीन आठवडे झाले तरी हटत नाही, तर पोटाला हात लावा आणि पंधरा दिवसांत सोनोग्राफी करा. एवढं तालुका रुग्णालयात भिंतीवर लिहून ठेवलं आणि त्याप्रमाणे चिठ्ठी निघाली, तरी पुष्कळ झालं. मशीन आहे तर रेडिओलॉजिस्ट नाही, हा प्रकार मात्र मिटवावा लागेल. त्यासाठी मांडवाचे पैसे पुरतील असं मी म्हणत नाही, पण सुरुवात होईल.

आता शिबिरात काय वाईट, असं कुणी विचारेल. ज्या बाईला काहीही होत नाही तिची सीए-१२५ किंवा सोनोग्राफी करून हा कॅन्सर लवकर पकडता येईल, ही आशा डॉक्टरांनाही होती. सीए-१२५ चा शोध १९८१ चा. त्यानंतर ब्रिटनमध्ये ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांवर बायका घेऊन जगातला या विषयावरचा सर्वांत मोठा प्रयोग झाला. २००१ ते २००५ या काळात बायकांची नोंद झाली आणि अंतिम निकाल २०२१ मध्ये आला: तपासणी केलेल्या आणि न केलेल्या बायकांमध्ये या कॅन्सरने मरणाऱ्यांच्या प्रमाणात फरक पडला नाही. अमेरिकेतल्या अशाच प्रयोगाचा निकाल २०११ चा. तिथेही मृत्यू कमी झाले नाहीत. उलट तीन हजारांवर बायकांना खोटा इशारा मिळाला, त्यांतल्या हजारावर जणींची ऑपरेशनं झाली आणि ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे १५ टक्के जणींना गंभीर त्रास झाला. कॅन्सर नसताना.

आपल्याकडे हा धोका जास्तच. सीए-१२५ पाळीत वाढतं, फायब्रॉइडमध्ये म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठींत वाढतं, गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढतं त्या एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतं आणि पोटाच्या टीबीत तर भरपूर वाढतं. पोटात पाणी, वजन कमी, सीए-१२५ चढलेलं: हे चित्र टीबीचंही असतं आणि ओव्हरीच्या कॅन्सरचंही. सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय दोन्हींत फरक करता येत नाही. कॅन्सर समजून टीबीच्या बाईचं पोट उघडलं जातं आणि टीबी समजून कॅन्सरच्या बाईचे महिने टीबीच्या गोळ्यांत जातात. अशा मुलखात ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात सीए-१२५ घुसवून सणासुदीला सवलतीत विकणं याला मी धंदाच म्हणेन. सरकारच्या घरोघरच्या तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड हे तीनच कॅन्सर आहेत, ओव्हरी नाही, अशी तक्रार मी एका सभेत ऐकली. ओव्हरी त्यात नाही हे बरोबरच आहे.

पण त्याच तपासणीचा एक फॉर्म असतो. तिशीपुढच्या प्रत्येकाचा तो आशा कार्यकर्ती भरते. त्यात बायकांना स्तनातल्या गाठीबद्दल, पाळी गेल्यावरच्या रक्तस्रावाबद्दल विचारतात. पोट फुगतं का, जेवण कमी झालंय का, हे विचारत नाहीत. घरात बीपी, शुगर, हृदयविकार आहे का हे विचारतात, कॅन्सर आहे का हे विचारत नाहीत. दोन ओळी वाढवायच्या आहेत. त्याला मांडव लागत नाही, माइक लागत नाही आणि कुणाच्या हस्ते उद्घाटनही लागत नाही. म्हणूनच बहुधा ते होत नसावं.

‘घरात’ म्हणजे कुणाचं घर, हाही प्रश्नच आहे. ओव्हरीच्या कॅन्सरच्या साधारण पाचांतल्या एकीत तो बीआरसीए नावाच्या जनुकांतल्या बिघाडातून आलेला असतो. सर्वसाधारण बाईला आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता शंभरात एक-सव्वा. बीआरसीए-१ बिघडलेलं असेल तर ती शंभरात चाळीसच्या आसपास जाते, आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. हा बिघाड आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. आता दवाखान्यातलं दृश्य आठवा. केसपेपर काढायला जातो नवरा किंवा मुलगा. ‘घरात कुणाला कॅन्सर?’ ‘नाही.’ त्याच्या डोळ्यांसमोर त्याचं घर असतं. बाईचं रक्त माहेरचं. तिची आत्या चंदगडला, मावशी गडहिंग्लजला, आजी आजऱ्याकडची. पोटात पाणी होऊन गेली म्हणतात, पण नक्की कशाने कुणी विचारलं नाही. सीमाभागातल्या किती तरी सुनांचं माहेर पलीकडच्या राज्यात आहे. तो इतिहास तिला स्वतःला विचारल्याशिवाय मिळणार नाही, आणि तिलाही तो माहेरी फोन करूनच विचारावा लागेल.

इथे आणखी एक गाठ आहे आणि ती सोडवणं कोणत्याही डॉक्टरच्या हातात नाही. आजार लपवला जातो. ‘गर्भाशयाचं ऑपरेशन झालं’ एवढंच भावकीत सांगितलं जातं. कारण घरात लग्नाची मुलगी असते. मला हे लपवणं समजतं. स्थळ मोडलेलं घर मी पाहिलंय. पण ज्या मुलीचं लग्न जमावं म्हणून आईचा आजार लपवला, तिलाच पुढे चाळिशीत तो होऊ शकतो आणि तिला काहीच माहीत नसतं, हेही तितकंच खरं. आई रुग्ण असेल तर जनुकाची तपासणी आधी आईची व्हायला हवी. बिघाड सापडला तरच मुलीची आणि मुलाचीही. हो, मुलाचीही. तो पुढच्या पिढीला देऊ शकतो, आणि स्थळ बघताना त्याला कुणी काही विचारत नाही. बिघाड असलेल्या बाईला मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० च्या दरम्यान, ओव्हरी आणि नळ्या काढून टाकण्याचा सल्ला देतात. त्याने धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटतो. खरा प्रतिबंध हा आहे, आणि तो मोजक्या बायकांसाठी आहे.

बाकीच्यांसाठी? तिथे आपल्या भागाचा विरोधाभास बघा. ज्यांना गरज आहे त्यांच्या ओव्हरी कुणी काढत नाही, आणि अंगावर पांढरं जातंय, पाळीत जास्त जातंय म्हणून पस्तिशीच्या बाईची ‘पिशवी’ काढताना ओव्हरीही काढून मोकळे होतात. ‘पुढे कॅन्सरची भीती नको’ असं वर समजावतात. त्या वयात ओव्हरी गेल्या की हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशवी काढण्याच्या ऑपरेशनांची बातमी २०१९ मध्ये देशभर गाजली. त्याच बीडच्या टोळ्या आपल्या कारखान्यांच्या फडात दर हंगामात येतात, तेव्हा ती गोष्ट लांबची मानायचं कारण नाही. विनाकारण गर्भाशय काढण्याविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी लागू करावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगून झालंय.

मधला एक मार्ग मात्र आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे चर्चाच नाही. ओव्हरीचा म्हणून जो सर्वांत घातक कॅन्सर ओळखला जातो, त्याची सुरुवात बहुतेक वेळा ओव्हरीत होतच नाही, ती गर्भनळीच्या टोकाला होते. हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कळलं. म्हणून कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० पासून डॉक्टरांनी ठरवलं: दुसऱ्या कारणाने पोट उघडतोच आहोत आणि बाईला आणखी मूल नको आहे, तर नळ्या बांधण्याऐवजी काढूनच टाकू, ओव्हरी राहू देऊ. पाळी लवकर जात नाही, हाडांना धोका नाही. तिथले नंतरचे निकाल आशा वाढवणारे आहेत. आता कर्नाटकाकडे बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इथल्या विवाहित बायकांपैकी ५७ टक्क्यांनी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घेतलेलं होतं. देशाचा आकडा ३८ च्या आत. म्हणजे आपल्या निम्म्याहून जास्त बायका नाही तरी त्या टेबलावर जातातच. नळ्या बांधण्यानेही हा धोका थोडा कमी होतो, पण सिझरच्या वेळी किंवा पिशवी काढताना त्या पूर्ण काढाव्यात का, हे त्या बाईला विचारलं जातं का? मला तरी विचारलेली बाई भेटली नाही.

मला भीती वाटते ती हे विचारण्याऐवजी टार्गेट होण्याची. २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरच्या नसबंदी शिबिरानंतर बायका मेल्या, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरंच बंद करायला सांगितलं. काढलेल्या नळ्या परत जोडता येत नाहीत. बावीस वर्षांच्या पोरीला हे सुचवूच नये. बाकीच्या बाईलाही तिच्या भाषेत, सासूला बाहेर बसवून, दिवस भरायच्या आधी बोलणं झालं असेल तरच. बेळगावच्या मराठी बाईपुढे कळा सुरू झाल्यावर कन्नड किंवा इंग्रजी संमतिपत्र ठेवून अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे.

ज्यांना आजार झालाच, त्यांच्याबद्दल आपण दोनच गोष्टी लिहितो: ‘झुंजली’ किंवा ‘गेली’. मधली वर्षं कुणी लिहीत नाही. मोठं ऑपरेशन, तीन-तीन आठवड्यांनी सहा किमो, आणि पुढे दर तीन महिन्यांनी रक्त तपासून आकडा चढला का बघायचं. पुढच्या टप्प्यातला आजार बहुतेकींत परत येतो, पुन्हा दबतो, पुन्हा येतो. या काळात बाई स्वयंपाक करत असते, भिशीला जात असते, डोक्यावरून पदर घेऊन लग्नाला जाते आणि ओटी भरायच्या वेळी आपणहून मागे उभी राहते. निपाणीतल्या एका विडी कामगार बाईने मला बोटं दाखवली. किमोतल्या पॅक्लिटॅक्सेल या औषधाने हातापायांच्या बोटांना बधिरपणा येतो. कुणाचा जातो, कुणाचा राहतो. विडी वळायची ती बोटांच्या टोकांनी. पानाची कड आत दुमडली का हे डोळ्यांनी बघायला लागलं की हात मंदावतो, आणि मजुरी हजार विड्यांवर. केस परत आले, बोटांना स्पर्श नाही आला. डॉक्टरांना तिने हे सांगितलंच नव्हतं, कारण त्यांनी ‘बरं आहे ना?’ एवढंच विचारलं होतं. तिला विडीच्या तंबाखूनेच हा कॅन्सर झाला असं गावाने ठरवून टाकलं होतं. हा ठपका जवळजवळ निराधार आहे. ओव्हरीच्या नेहमीच्या कॅन्सरशी तंबाखूचा तसा संबंध नाही. पण ती बाई स्वतःलाच दोष देत बसली होती.

उपचाराला जायचं कुठे, हा आता पूर्वीइतका बिकट प्रश्न नाही. ३ जानेवारी २०२५ ला राष्ट्रपतींच्या हस्ते बेळगावात केएलईच्या कॅन्सर रुग्णालयाचं उद्घाटन झालं. हुबळीला सोय आहे, बेंगळुरूला किडवाई आहे, पलीकडे कोल्हापूर, मिरज आणि शेवटी परळचं टाटा. एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे: ओव्हरीतली संशयास्पद गाठ जवळच्या नर्सिंग होममध्ये फोडून काढू नये. गाठ पोटात फुटली तर पहिल्याच टप्प्यात आजार एक पायरी वर चढतो. स्त्रियांच्या कॅन्सरचं शिक्षण घेतलेल्या सर्जनकडेच हे ऑपरेशन व्हावं.

प्रश्न जाण्याचा आणि कार्डाचा आहे. निपाणीच्या बाईला कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव जवळपास दुप्पट. कर्नाटकाच्या शक्ती योजनेत बायकांना राज्यातल्या राज्यात सरकारी बस मोफत, म्हणून बेळगावला तिकीट नाही, कोल्हापूरला आहे. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, पण आधी सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी हवी. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपली मोफत उपचारांची महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. कर्नाटकाने हरकत घेतली आणि पुढे बेळगाव भागातल्या तिच्या नोंदणी केंद्रांवर कारवाई झाली. महाराष्ट्राच्या मनात निव्वळ आरोग्य होतं असं मी म्हणणार नाही. पण कर्नाटकाने ती अडवताना, मग या बायकांनी मिरजेला कोणत्या कार्डावर जायचं, हेही सांगितलं नाही.

सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे. किमोची तारीख तेवढी थांबत नाही. दर हिवाळ्यात बेळगावात विधानसभेचं अधिवेशन भरतं आणि त्याच्या विरोधात महामेळाव्याची हाक दिली जाते. मराठी संघटनांच्या निवेदनात फलकांवर मराठी हवी, कागदपत्रांत मराठी हवी, अशा मागण्या असतात. दोन्ही हव्यातच. त्याखाली आणखी एक कलम घालायला काय हरकत आहे? बेळगाव, हुबळी, कोल्हापूर आणि मिरज इथल्या ठरावीक कॅन्सर रुग्णालयांत कर्नाटकाचं कार्ड आणि महाराष्ट्राचं कार्ड दोन्ही चालावीत, हिशेब सरकारांनी आपसांत मिटवावा. यात कुणाच्या नकाशावरची रेघ हलत नाही. आणि हे कलम वाचून दाखवायला व्यासपीठावर एखादी बाई असावी. आजवरच्या मेळाव्यांत मी तिथे बायका पाहिल्यात त्या बहुतेक स्वागतगीत म्हणताना.